साडेतीन यार्ड

कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेला एक बाण होता, बारीक, जरासा थरथरलेला. चहाचा कप हातात तसाच धरून संघमित्रा त्या बाणामागून जात होती — डावीकडून निघाला, अडवणाऱ्या पाचांच्या लाइनच्या पाठीमागून आडवा चार पावलं, आणि मग एकदम आत. जिथं तो आत वळत होता तिथं पेन्सिल जोरानं टेकलेली होती, कागदाला खळगा पडेल इतकी. पण कार्ड प्लॅस्टिकमध्ये बंद केल्यामुळे तो खळगा आता बोटाला लागत नव्हता, नुसता दिसत होता. कार्डावर सोळा चाली होत्या. सोळाच. डेल सोरेनसन यांनी हार्लो क्रीक हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीमला एकतीस वर्षं याच सोळा चाली शिकवल्या, आणि त्यांतल्या चौदांमध्ये चेंडू कुणी फेकत नाही. पोटाशी धरतात आणि माणसांच्या भिंतीत घुसतात.

"केलर काय म्हणाले ते तू कोचना सांगितलंस?" तिच्या नवऱ्यानं, राकेशनं, टोस्टरमधून ब्रेड काढत विचारलं.

"नाही."

"सांगायलाच पाहिजे असं नाही. पण मित्रा, यार, दोन-तीन वेळा थ्रो करायला लाव ना त्या पोराला. बिघडतं काय? लोकांना तेच बघायचं असतं."

बिघडत काहीच नव्हतं. राकेश मनापासून सांगत होता, काल रात्रीच तिच्या गाडीत पेट्रोल भरून आला होता, पावसाळी जाकीट दाराशी टांगून ठेवलं होतं त्यानं. त्याला उत्तर द्यायचं तर आधी स्वतःला द्यायला हवं होतं, आणि तिथंच... ती चहा प्याली. गार झाला होता.

बुधवारी कोचनी तिला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावलं होतं. शाळेत ते सुतारकाम शिकवायचे, निवृत्त झाले तरी रंधा सुटला नव्हता. लाकडाच्या भुशात उभे राहून, ठोके चुकतायत म्हणे माझे, असं त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जणू घड्याळाबद्दल बोलतायत. डॉक्टरांनी मैदानाच्या कडेला उभं राहायला मनाई केली होती. स्टँडच्या वरच्या काचेच्या खोलीत बसायला हरकत नाही. "शनिवारी चाली तू सांगायच्यास, मेश." मेश्राम हे आडनाव पोरांच्या तोंडी मेश झालं आणि मग सगळ्यांच्याच.

"तुम्ही वरून सांगा ना, हेडसेटवर. मी खाली पोचवते."

"नाही. मी वरून बघेन." आणि मग लाकडावरचा भुसा हातानं सारत, तिच्याकडे न बघता, "तुला जे दिसेल ते सांग. मला काय दिसलं असतं, ते सांगू नकोस."

हे बुधवारी. आणि गुरुवारी कॉरिडॉरमध्ये केलर भेटले, शाळेचे क्रीडासंचालक. वाईट माणूस नव्हे. तिला गणिताच्या शिक्षिकेवरून लाइनची कोच करताना कागदावर सही त्यांनीच केली होती, पालकांचे दोन ईमेल स्वतःच्या अंगावर घेऊन. ते म्हणाले, हे डेलचं शेवटचं वर्ष आहे. बोर्डाला बाहेरून कुणी तरी आणायचाय, चेंडू हवेत खेळवणारा. पण त्या जागी मला तू हवी आहेस. फक्त शनिवारी दाखव, की तू म्हणजे डेल नाहीस. खेळ जरा मोकळा कर.

मोकळा कर! गाडी हायवेला लागली, दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं, वर राखाडी आभाळ, मधूनच एखादा हिमाचा कण काचेवर येऊन बसायचा आणि विरघळायचा — आणि तिच्या डोक्यात तो शब्द फिरत राहिला. सहा वर्षं ती पोरांना दुसरं काय शिकवत होती? वाटच मोकळी करायला. खांद्यानं, कमरेनं, समोरच्याच्या छातीखाली शिरून. चेंडू ज्याच्या हातात त्याचं नाव लाउडस्पीकरवर येतं. वाट करणाऱ्या पाचांचं येत नाही. पण केलरना ते म्हणायचं नव्हतं हे तिला कळत होतं. आणि नोकरी... मला हवी आहे का ती? हवी आहे. खोटं कशाला बोलू? इतकी हवी आहे, की गुरुवारपासून पोटात काही तरी अखंड धावतंय.

शाळेशी गाडी लावून ती पोरांच्या बसमध्ये चढली. कोच पहिल्या सीटवर, टोपी डोळ्यांवर. ती त्यांच्या मागे, आणि समोर त्यांची मान — लाल, सुरकुतलेली, एकतीस शरद ऋतूंचा ऊन-वारा खाल्लेली.

ही मान तिनं पहिल्यांदा बघितली तीही पाठीमागूनच. सहा वर्षांपूर्वी, शाळा सुटल्यावर, गृहपाठाच्या वह्यांची पिशवी खांद्याला लावून ती मैदानाच्या कुंपणाशी थांबली होती, उगाच. लाइनची पोरं खाली वाकत होती, शिट्टी झाली की उसळत होती, आणि तिच्या तोंडून आपोआप गेलं, "ती फार उंच उठतायत." कोच वळले. रागावले नाहीत, हसले नाहीत. "मग दाखव," म्हणाले. शाळेचे बूट, अंगात स्वेटर, उंची पाच फूट दोन इंच; समोर एकशे दहा किलोचा एक मुलगा लाजून हसत उभा. ती बसली — नागपुरात इंदोऱ्याच्या मैदानावर वयाच्या नवव्या वर्षापासून जशी बसायची तशी, मांड्या जमिनीला समांतर, टाच हलकी, हात पुढे — आणि त्याच्या बरगड्यांखाली शिरली. तो दीड पाऊल मागे गेला. दीडच. पण हसणं थांबलं.

"कुठला खेळ हा?" कोचनी विचारलं.

"कबड्डी."

"तू कुठल्या जागी खेळायचीस?"

"डावा कोपरा."

त्यांनी मान डोलावली, जणू डावा कोपरा म्हणजे काय ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. या देशात आल्यापासून तिला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. ईडन प्रेरीतल्या मराठी लोकांच्या पहिल्या गणपतीत गुरुनाथ जोगळेकरांनी "मेश्राम म्हणजे... नागपूरकडचे का?" असं विचारून मध्ये जी अर्धी सेकंद सोडली होती, ती अर्धी सेकंद तिच्या ओळखीची होती, ती विमानातून तिच्याबरोबरच आली असावी. पण तू कुठल्या जागी खेळायचीस, असं कुणी विचारलं नव्हतं. बाबांनंतर कुणीच नाही.

बाबा टपाल खात्यात वर्गवारीला होते आणि संध्याकाळी पोरींना कबड्डी शिकवायचे. "नजर कमरेवर ठेव," म्हणायचे. "डोळ्यांनी फसवता येतं, हातांनी येतं. कमरेनं नाही येत, पोरी." आणि चढाईला आलेलीला आत येऊ द्यायचं, अजून आत, वाट मोकळी आहे असं वाटू द्यायचं, आणि मग बाजूनं धरायचं. म्हणून तर कोचची ती पेन्सिलीच्या बाणाची चाल तिला एका झटक्यात कळली होती, इतर सहाय्यकांना वर्ष लागलं म्हणे. ट्रॅप. समोरच्या सगळ्यांत दांडग्या गड्याला कुणीच अडवायचं नाही. त्याला वाटतं, दार उघडं राहिलं. तो मुसंडी मारतो. आणि तेवढ्यात दुसऱ्या टोकाचा आपला गार्ड लाइनच्या मागून आडवा धावत येतो आणि त्याला कुशीतून उडवतो. आणि तो दांडगा जिथून निघाला ती जागाच वाट होते.

हा गार्ड म्हणजे अमेय. चौसष्ट नंबर. गुरुनाथ जोगळेकरांचाच मुलगा, सतरा वर्षांचा, सहा फूट एक, आणि इतका मितभाषी की आई त्याच्या वतीनं दोघांचं बोलायची.

ती आई, नीलांबरी, यजमान शाळेच्या कुंपणाशी थर्मास घेऊन उभीच होती. मैदान केवढं! स्टँड काँक्रीटचा, नव्वद पोरांची टीम, संघमित्राच्या पोरांच्या दुपटीहून जास्त, सगळे ताजे धुतल्यासारखे.

"अहो कोच, चहा घ्या थोडा. आलं घातलंय." आणि मग आवाज खाली आणून, "एक विचारू? हसू नका. तीन वर्षं येतेय मी. पण अमेय नक्की करतो काय, ते मला अजून कळत नाही. चेंडू तर त्याच्याकडे कधी येतच नाही. गुरुनाथ म्हणतात, कॉलेजच्या फॉर्मवर काय लिहायचं याचं?"

संघमित्राला हसू आलं नाही. "आज चेंडूकडे बघू नका," ती म्हणाली. "चेंडू विसरून जा. फक्त चौसष्टकडे बघा."

कोच काचेच्या खोलीत गेले. तिनं हेडसेट घातला. त्यात त्यांचा श्वास ऐकू येत होता, थोडा अडखळत, पण शब्द नाही.

साधं गणित होतं, कोच ते पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडायचे. चार संधींत दहा यार्ड गेलात, की पुन्हा चार संधी. म्हणजे प्रत्येक वेळी साडेतीन यार्ड पुढे जायचं, तिसऱ्यातच दहा होतात, चौथी हाताशी राहते. साडेतीन यार्ड म्हणजे एक लांबलचक सोफा. तेवढं दर वेळी जमलं, तर चेंडू कधीच कुणाला द्यावा लागत नाही. पोरं हसायची. ऑक्टोबर येईपर्यंत हसणं गेलेलं असायचं.

पण आज साडेतीन मिळत नव्हते. समोरचा बहात्तर नंबर — पुढच्या वर्षी मोठ्या विद्यापीठात जाणारा, खांद्यांवर मानच नसलेला — मुसंडी मारतच नव्हता. बसून राहायचा, वाट बघायचा. अमेय आडवा धावून यायचा आणि भिंतीवर आदळल्यासारखा थांबायचा. एक यार्ड. दोन. शून्य. त्यांनी एकदा चेंडू मिळवला आणि चार पासमध्ये मैदान ओलांडलं, अगदी सुंदर, चेंडू हवेत फिरत जाताना बघतच राहावं असा. सात-शून्य. स्टँडमधून, हार्लो क्रीकच्याच बाजूच्या स्टँडमधून, आवाज आला, "थ्रो इट! थ्रो द बॉल!" तो आवाज कुणाचा हे बघायला ती वळली नाही. केलर कुंपणाशी उभे होते, खिशात हात घालून, त्यांच्याकडेही नाही.

श्वास. हेडसेटमध्ये फक्त श्वास. काही तरी बोला ना, कोच.

तिनं पास सांगितला. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक ट्रेव्हर, काटकुळा, हुशार पोरगा, त्याचे डोळे चमकले — त्यानं फेकला, आणि तो पोचला. चौदा यार्ड! स्टँड उठला. तिला जे वाटलं ते तिनं नंतर पुष्कळदा तपासलं: तो आनंद नव्हता, ती सुटका होती. बघा, मी डेल नाही. पुन्हा पास. सुटला. पुन्हा — आणि चेंडू हातातून निघाल्याक्षणीच तिला कळलं, जसं कबड्डीच्या पकडीतून निसटणारा घोटा कळतो. त्यांच्या पोरानं तो हवेतच पकडला आणि उलटा धावत सुटला. चौदा-शून्य.

ती चाल मी सांगितली नव्हती. म्हणजे सांगितली मीच. पण जे दिसत होतं ते बघून नाही. जे मागं कुंपणाशी उभं होतं ते बघून.

हाफटाइमला पोरं लॉकर रूमच्या बाकांवर बसली. ओल्या मातीचा आणि घामाचा वास. कुणी कुणाला दोष देत नव्हतं. तेच जास्त लागत होतं. ट्रेव्हर बुटांकडे बघत होता.

"ते माझं होतं," ती म्हणाली. "तुझं नाही. मी घाबरून सांगितलं."

पोरांनी वर बघितलं. मोठ्या माणसांनी असं म्हणायची त्यांना सवय नसावी. मग कोपऱ्यातून अमेयचा आवाज आला, तीन वर्षांत लॉकर रूममध्ये बहुधा पहिल्यांदाच.

"कोच? सेव्हन्टी-टू... ही इज गेटिंग बोअर्ड."

"म्हणजे?"

"ही वॉन्ट्स टु गो. ही हेट्स सिटिंग देअर." आणि मग, शब्द पुरेनात म्हणून असेल किंवा फक्त तिलाच सांगायचं होतं म्हणून, तो मोडक्या मराठीत म्हणाला, "त्याचा बूड वर येतोय. प्रत्येक वेळी थोडा थोडा."

कोणी सांगितलं होतं याला? तिनंच. कधी तरी, ऑगस्टच्या उन्हात, पन्नास गोष्टींमध्ये. तिला वाटलं होतं, ते हवेत गेलं. आणि हा पोरगा आदळून आदळून परत उठताना, चिखल थुंकताना, प्रत्येक वेळी समोरच्याची कंबर किती उचलली हे मोजत होता!

आपण त्यांना दमवत नाही, कोच म्हणायचे. दमतात आपलीच पोरं. आपण त्यांना कंटाळवतो.

दुसऱ्या सत्रात तिनं पास सांगितला नाही. कोचवरच्या निष्ठेनं नाही, हे तिला तेव्हाही कळत होतं आणि त्याचं थोडं नवलही वाटत होतं. ती आता बघत होती. डावीकडून तीन यार्ड. उजवीकडून चार. मधून दोन. पुन्हा डावीकडून. स्टँड कंटाळला, आवाज बंद झाले, लोक हॉट चॉकलेट आणायला गेले. हिम आता नीट पडायला लागलं होतं. आणि मैदानात तिची पाच पोरं प्रत्येक वेळी वाकत होती, उसळत होती, एकमेकांना हात देऊन उठवत होती, परत येऊन वाकत होती. एकही जण घाई करत नव्हता. तिनं हे सहा वर्षं रोज बघितलं होतं आणि आज पहिल्यांदा बघत होती. कसली पोरं ही! यांची नावं कुणी घेत नाही, यांच्या अंगावर चेंडूचा डागसुद्धा नाही, आणि सगळं मैदान यांच्या पाठीवर पुढे सरकतंय, सोफ्या-सोफ्यानं.

अकरावी चाल. बारावी. बहात्तरची टाच उचलली गेली. तेरावीला त्याची कंबर खांद्यांच्या रेषेत आली — आणि तिनं आवाज चढवलासुद्धा नाही, नुसता ट्रॅपचा आकडा सांगितला.

बहात्तरनं मुसंडी मारली. दार उघडं होतं ना! अमेय डावीकडून निघाला, आडवा, खाली, इतका खाली की हिमात पाठ तेवढी दिसावी, आणि तो आवाज — तो आवाज तिनं छातीत ऐकला. बहात्तर आडवा. चेंडू घेऊन पळणारा मार्कस तो पोटाशी धरून त्या भोकातून गेला, बावीस यार्ड, गोलपर्यंत. सगळा स्टँड मार्कसचं नाव ओरडत होता. आणि त्या सगळ्या इंग्लिश गोंगाटातून, वरच्या कुठल्या तरी रांगेतून, एका बाईचा चिरका, आनंदानं फाटलेला आवाज मराठीत आला:

"अमेऽऽय! तुझ्यामुळे गेला रे तो! मी बघितलंऽऽ!"

चौसष्ट नंबर तेव्हा उठत होता, बहात्तरला हात देऊन उठवत. त्यानं स्टँडकडे बघितलं नाही. पण हेल्मेट किंचित हललं.

गोलचे सहा आणि किकचा एक मिळून चौदा-सात. त्या एका फेरीत जवळजवळ दहा मिनिटं गेली होती. त्यांच्या पास करणाऱ्या पोरांचे हात बाकावर बसून गारठले होते. पुढचे तीनही पास सुटले. पुन्हा चेंडू हार्लो क्रीककडे. पुन्हा साडेतीन, साडेतीन, चार, दोन. घड्याळ शून्यावर येता येता मार्कस ढिगाऱ्यावरून गोलमध्ये पडला. चौदा-तेरा.

आता दोन वाटा होत्या. किक मारून एक गुण घ्यायचा, बरोबरी करायची, जादा वेळेत जायचं. किंवा तीन यार्डांवरून एकच संधी, आत गेलात तर दोन गुण आणि सामना; नाही तर काहीच नाही.

तिनं पोरांकडे बघितलं. त्यांच्या तोंडातून वाफा येत होत्या, हात गुडघ्यांवर टेकलेले होते. पलीकडे नव्वद पोरं. जादा वेळेत हे उभे राहतील? राहतील, मी सांगितलं तर राहतील, त्याचीच तर भीती. हेडसेटमध्ये श्वास होता. तिनं बटणावर बोट ठेवलं, विचारावं म्हणून... विचारलंस तर सांगेन, असं ते म्हणाले नव्हते, पण सांगितलं असतं. बोट बटणावर होतं. मग नव्हतं.

"आत जायचंय," ती म्हणाली, आणि ट्रॅपचा आकडा सांगितला.

सगळं खूप सावकाश झालं. अमेय निघाला, आडवा, खाली. बहात्तरनं मुसंडी मारली नाही. तो बसला. शिकला होता तोही. त्यानंही आज काही तरी मोजलं होतं. अमेय त्याच्यावर आदळला आणि दोघं जागच्या जागी उभे राहिले, एकमेकांत अडकून, दोन झाडांसारखे, आणि मार्कस त्यांच्या पाठीवर चढला, हात लांब केला — आणि त्याच क्षणी, डोळ्याच्या कडेनं, तिला उजव्या कोपऱ्यात आपला एक मुलगा दिसला. एकटा. पार एकटा. हात वर केलेला. त्याच्या दहा यार्ड परिघात कुणी नव्हतं.

शिट्टी झाली. पंच चेंडू ठेवायला वाकला. गोलच्या रेषेपासून एक फूट अलीकडे.

ती मैदानात गेली. अमेय अजून गुडघ्यांवर होता. बहात्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही तरी बोलत होता, आणि अमेय मान हलवत होता. मग तो मुलगा, जो पुढच्या वर्षी मोठ्या जगात जाणार होता, संघमित्राजवळून जाताना थांबला आणि म्हणाला, "मॅम, त्याला आडवा धावायला कुणी शिकवलं? पूर्ण सीझनमध्ये मला असं कुणी मारलं नाही." ती अमेयकडे वळली. अमेय रडत होता, आवाज न करता. तिनं त्याचं हेल्मेट दोन्ही हातांत धरलं, नुसतं धरलं. कारण सांगण्यासारखं जे होतं ते त्यानं आज तिला सांगून झालं होतं.

स्टँडच्या मागच्या जिन्यानं कोच उतरत होते. एक पायरी, थांबणं, एक पायरी. चार-साडेचारच वाजले असतील, पण उजेड गेला होता आणि हिम बुटांखाली कुरकुरत होतं. ती शेवटच्या पायरीशी उभी राहिली. धावत वर जाऊन हात द्यावा असं वाटलं. दिला नाही, त्यांना चाललं नसतं.

"कोपऱ्यात तो मोकळा होता," ती म्हणाली.

"हो. वरून छान दिसला."

"आणि पहिल्या हाफमधले ते पास..."

"ते तुलाच माहीत आहे."

"शेवटची. शेवटची तुम्ही काय सांगितली असती?"

कोचनी कठड्याला धरलं. श्वास घेतला, हेडसेटमधून अडीच तास ऐकलेला तो श्वास आता समोर वाफ होऊन दिसत होता. "माहीत नाही."

"कोच, मला बरं वाटावं म्हणून—"

"मेश." ते हसले, दमल्यासारखे. "मला एकतीस वर्षांत एकदाही माहीत नव्हतं. तुला काय वाटत होतं, माहीत असायचं?"

हो, असं ती म्हणणार होती. तीन वर्षांपूर्वीचा तो पावसातला सामना, एक यार्ड हवा होता आणि ते टोपीखालून, भाजी काय आणायची ते सांगावं तशा आवाजात, आकडा बोलले होते. त्याआधीचा, त्यानंतरचा. दर सामन्याला ती त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी राहून तो आवाज ऐकायची आणि तिला वाटायचं, या माणसाला आतून ठाऊक आहे. आपल्याला कधी असं ठाऊक होणार? ठाऊक नव्हतं! तो आवाज ठाऊक असण्याचा नव्हताच. सतरा-सतरा वर्षांची पोरं वाकून वाट बघतायत, त्यांच्यापर्यंत आपलं न कळणं जाऊ नये म्हणून काढलेला आवाज तो. एकतीस वर्षं, इतक्या संध्याकाळी, एकट्यानं. तिला त्यांच्याकडे बघवेना. इतका वेळ ज्याला ती मोठं समजत होती त्याहून हे कितीतरी मोठं होतं, आणि... शिकता येण्यासारखं होतं. म्हणूनच भीतिदायक.

कोच पुढे गेले, बसकडे, पोरांमध्ये. अमेयजवळ थांबले. काय बोलले ते इथून ऐकू आलं नाही.

केलर पार्किंगमधून तिच्याच दिशेनं येत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. चांगलं असेल, वाईट असेल, नुसतं सांत्वन असेल. पुढच्या वर्षी मी या पोरांपुढे उभी असेन की नसेन? विचारलं तर काय सांगू? चाल बरोबर होती म्हणू? चूक होती म्हणू? गुरुवारपासून पोटात धावणारं ते अजून धावत होतंच, थांबलं नव्हतं. पण त्याच्याशी आता तिची ओळख झाली होती. हे असंच, अगदी याच ठिकाणी, बरगड्यांच्या जरा खाली, कुणाच्या तरी पोटात एकतीस वर्षं धावत आलं होतं, आणि तो माणूस उभा राहिला होता.

तिनं पाय किंचित फाकून टेकवले, आणि केलरना जवळ येऊ दिलं.